टेक्स्चर दिसलं, पण कशाचं? सांगलीतल्या एका एमएस्सी प्रोजेक्टची केस

लिक्विड क्रिस्टलवर प्रोजेक्ट घेणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या गाईडसाठी ही केस जरा सविस्तर लिहितोय. कॉलेज सांगलीतलं आहे, नाव घेत नाही, कारण हेच साताऱ्यात, कराडात, कुठंही होऊ शकतं आणि माझ्या मते होतही असणार, फक्त कुणी लिहीत नाही. थोडक्यात सांगायचं तर एमएस्सी पार्ट टूच्या दोघांनी, एक मुलगी आणि तिचा प्रोजेक्ट पार्टनर, 'नवीन' लिक्विड क्रिस्टल बनवलं, मायक्रोस्कोपखाली ते इतकं सुंदर दिसलं की डिपार्टमेंटभर बोलवून बोलवून दाखवलं, आणि नंतर कळलं की बाटलीत जे होतं ते जवळपास सगळं त्यांचं कच्चं मटेरियलच होतं. आणि गंमत म्हणजे तरीही ते खरंच लिक्विड क्रिस्टल होतं. इथंच सगळी केस आहे.

विषय कसा निवडला तेही सांगतो, कारण पुढं ते कामाला येतं. मुलीच्या घरी मार्केट यार्डात हळदीची अडत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून हळदीवर प्रोजेक्ट करायची इकडं फॅशनच आहे. तिचं म्हणणं, कर्क्युमिनला, म्हणजे हळदीच्या पिवळ्या घटकाला, दोन्ही टोकांना ओएच आहेत, दोन्हीकडं लांब शेपट्यांचे एस्टर लावू, लांबलचक रेणू होईल, लिक्विड क्रिस्टल मिळेल. कागदावर बरोबर वाटतं. सरांनी नको म्हटलं आणि माझ्या मते बरोबर केलं. बाजारात मिळणारं कर्क्युमिन हे एकटं कर्क्युमिन नसतंच, त्यात डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी असे दोन भाऊबंद असतात आणि ते वेगळे करण्यातच अर्धं वर्ष जातं. शिवाय मधे बीटा डायकीटोन, तो एनॉल होऊन बसतो, बेसमध्ये तुटतो. तुटल्यावर जे मिळतं त्यात एक व्हॅनिलिन, व्हॅनिलाचा वास देणारं. तर सर म्हणाले, "अगं, मग व्हॅनिलिनच घे की! कर्क्युमिनचं टोक तेच आहे, शेजारी मेथॉक्सी तेच, ओएच तोच, आणि वर अल्डिहाईड फुकट." असं व्हॅनिलिन ठरलं.

स्कीम सोपी होती. पहिली पायरी, ४-हायड्रॉक्सीबेन्झोइक अॅसिडला ऑक्टिल ब्रोमाईड लावायचं, अल्कोहोलमध्ये केओएच घालून रिफ्लक्स, चिमूटभर पोटॅशियम आयोडाईड, मग अॅसिडिफाय केलं की ४-ऑक्टिलऑक्सीबेन्झोइक अॅसिड खाली बसतं. दुसरी पायरी, हे अॅसिड आणि व्हॅनिलिनचा ओएच यांचा एस्टर, डीसीसी (पाणी ओढून घेऊन अॅसिड आणि ओएच जोडणारं रसायन) आणि थोडं डीएमएपी (त्याला वेग देणारं) वापरून, डायक्लोरोमिथेनमध्ये. तिसरी पायरी, एस्टरच्या अल्डिहाईड टोकाला पॅरा-अॅनिसिडीन हे अमीन लावून शिफ बेस, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेलं इमीन. म्हणजे शेवटी तीन बेन्झिन रिंगा एका रांगेत, मधे एक एस्टर आणि एक इमीन, एका टोकाला आठ कार्बनची शेपटी, दुसऱ्या टोकाला मेथॉक्सी, आणि मधल्या रिंगेला बाजूला चिकटलेला व्हॅनिलिनचा मेथॉक्सी.

ज्यांना लिक्विड क्रिस्टल म्हणजे फक्त टीव्हीचा पडदा माहीत आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. कारखान्याला चाललेली उसाची ट्रॉली डोळ्यापुढं आणा, सगळे ऊस एकाच दिशेला, पण कुणाचं बूड पुढं कुणाचं मागं. लांबट रेणू असे एका दिशेला राहून वाहायला लागले की ती नेमॅटिक फेज. तेच रेणू थर करून बसले की स्मेक्टिक. पदार्थ वितळतो, पण एकदम पाण्यासारखा स्वच्छ होत नाही, आधी गढूळ द्रव होतो आणि मग अजून तापवल्यावर एका ठरावीक तापमानाला एकदम क्लिअर होतो. १८८८ मध्ये प्रागमध्ये राईनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेन्झोएटमध्ये हेच दिसलं होतं, १४५.५ डिग्रीला गढूळ आणि १७८.५ ला स्वच्छ, आणि त्यानं ते ओटो लेमानकडं पाठवलं कारण लेमानकडं गरम होणारा मायक्रोस्कोप होता. म्हणजे या विषयाची सुरुवातच दोन मेल्टिंग पॉइंट आणि एक उसना मायक्रोस्कोप अशी आहे, हे आमच्या गरीब कॉलेजांना सोयीचं आहे.

इथंही मायक्रोस्कोप उसनाच. केमिस्ट्रीकडं पोलरायझिंग मायक्रोस्कोप नव्हता, पण जिऑलॉजीवाल्यांकडं असतोच, बेसॉल्टच्या पातळ चकत्या बघायला. ही टीप आपल्या भागातल्या सगळ्यांना: आधी जिऑलॉजी डिपार्टमेंटला जाऊन गोड बोला. हॉट स्टेज मात्र बनवून घ्यावी लागली. कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमचा ठोकळा, मधे उजेडासाठी भोक, बाजूला हीटर आणि थर्मोकपल, वर कंट्रोलर. दिसायला भंगार पण चालली मस्त. नॅफ्थलीन ८० ला आणि बेन्झोइक अॅसिड १२२ ला वितळतं, त्यावर ती तपासून घेतली होती, दोनेक डिग्री कमी दाखवायची. हे काम पोरांनी चोख केलं होतं हे आवर्जून सांगतो, कारण पुढची गडबड आळसामुळं झाली असं कुणाला वाटू नये.

आता घडलं काय. दुसरी पायरी लावली ती भर पावसाळ्यात. इर्विन पुलाखाली पाणी चढलेलं, हवा इतकी दमट की फिल्टर पेपर हाताला ओला लागतो. डीसीसीची बाटली मागच्या बॅचनं उघडलेली, आत ढेकूळ आणि वर पांढरी साय. डायक्लोरोमिथेन बाटलीतून थेट, ड्राय न करता. रिअॅक्शन लावल्यावर थोड्या वेळात पांढरा गाळ पडायला लागला, आणि सगळे खूश, कारण पुस्तकात लिहिलेलं असतं की एस्टर होताना डीसीसीचं डीसीयू होतं आणि ते पांढरं खाली बसतं. बरोबर आहे. फक्त डीसीसीनं पाणी खाल्लं तरी तेच डीसीयू होतं आणि तेही तसंच पांढरं खाली बसतं. गाळ सांगतो की डीसीसी खर्च झालं. ते एस्टर करण्यात गेलं की पावसाळ्यात गेलं, हे गाळ सांगत नाही.

वर्कअपला बायकार्बोनेटचं वॉशिंग द्यायचं होतं म्हणजे उरलेलं अॅसिड निघून गेलं असतं. दिलं, तर सेपरेटिंग फनेलमध्ये नुसता फेस आणि लोण्यासारखं इमल्शन. याचं कारण साधं आहे, आठ कार्बनच्या शेपटीच्या अॅसिडचं सोडियम सॉल्ट म्हणजे जवळपास साबणच. लॅबच्या मामांनी मीठ टाकून बघा म्हणून सांगितलं होतं, आणि मिठाचं संपृक्त पाणी हाच त्यावरचा नेहमीचा इलाज आहे, पण संध्याकाळ झालेली, सहाची गाडी पकडायची, पोरांनी इमल्शन ओतून दिलं, दुसऱ्या वेळी बायकार्बोनेट सोडून नुसतं पाण्यानं धुतलं आणि पुढं गेले.

तिसऱ्या पायरीला अॅनिसिडीन, अल्कोहोल, दोन थेंब ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड, रिफ्लक्स. काही मिनिटांत द्रावण पिवळंधमक. परत आनंद, कारण शिफ बेस पिवळा असतो. पण एस्टर न झालेलं व्हॅनिलिन फ्लास्कमध्ये तसंच पडून होतं ना, त्याचाही अॅनिसिडीनबरोबर शिफ बेसच होतो आणि तोही पिवळाच. मग गार करून रिक्रिस्टलाईज केलं. आता विचार करा, थंड अल्कोहोलमध्ये आधी काय बाहेर येणार? ते लांब शेपटीचं अॅसिड. व्हॅनिलिनचा शिफ बेस बराचसा मदर लिकरमध्ये (उरलेल्या द्रावणात) राहिला, थोडा क्रिस्टलला चिकटून आला, त्यामुळं हातात आले फिकट पिवळे चकचकीत क्रिस्टल. यील्ड भरपूर. एवढं यील्ड आलं तेव्हाच खरं तर कुणीतरी भुवई वर करायला हवी होती.

आणि मग जिऑलॉजीच्या लॅबमध्ये तो क्षण. शंभरच्या आसपास क्रिस्टल वितळले आणि क्रॉस पोलरायझरमध्ये काळ्या ब्रशांचं रंगीत जाळं, त्याला श्लीरेन म्हणतात, थोडं पुढं गेल्यावर ते एकदम बदललं, जास्त वाहतं, चमचम करणारं, आणि १४५ च्या आसपास काळोख, म्हणजे आयसोट्रॉपिक, साधा स्वच्छ द्रव. "सर, दिसलं की ओ! दोन फेज आहेत!" आरडाओरडा. जिऑलॉजीच्या मॅडमपण बघून गेल्या.

आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम, रेणूतले बंध ओळखायला) काढलं. १६८० ला कार्बोनिल. पोरांनी लिहिलं, एस्टर, कॉन्जुगेशनमुळं खाली सरकलेला. १६०५ ला पीक, लिहिलं इमीन. २५०० ते ३००० मध्ये एक रुंद ढोबळ खड्डा, त्यावर शेपटीचे सीएच बसलेले, तो खड्डा कुणी लिहिलाच नाही. बघा, प्रत्येक पीकला उत्तर आहे, पण उत्तर आधी ठरवून मग पीक शोधलेलं आहे. असा एस्टर, दोन्हीकडं रिंग असलेला, १७३० च्या आसपास येतो, कॉन्जुगेशन धरूनसुद्धा. १६८० आणि तो रुंद खड्डा ही जोडी म्हणजे हायड्रोजन बाँडनं जोडलेलं अॅसिड, हे आपण एफवायला शिकवतो. आणि १६०५ हे प्रत्येक बेन्झिन रिंगला असतंच.

मी साताऱ्याला असतो, सरांची जुनी ओळख, त्यांनी फोटो आणि तापमानं पाठवली, पेपर लिहायचा म्हणत होते. मला फोटोपेक्षा आकडे खटकले. त्यांच्या स्टेजची दोन डिग्रीची चूक मिळवली की जवळपास १०१, १०८, १४७ होतात. हे आकडे या विषयात काम करणाऱ्याला ओळखीचे असतात, ४-ऑक्टिलऑक्सीबेन्झोइक अॅसिड १०१ ला वितळून स्मेक्टिक सी (थरांत रेणू तिरके बसलेलं स्मेक्टिक) होतं, १०८ ला नेमॅटिक, १४७ ला क्लिअर. हे जुनं काम आहे, ग्रे आणि जोन्स यांनी १९५३ मध्ये या अॅसिडांची अख्खी मालिका छापलेली आहे.

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो की एका रिंगेचं छोटं अॅसिड लिक्विड क्रिस्टल कसं असेल. ते एकटं नसतंच. दोन अॅसिड तोंडाला तोंड लावून दोन हायड्रोजन बाँडनी जोडले जातात, मधे आठ अणूंची एक खोटी रिंग तयार होते, आणि तयार झालेला जोड हा तीन रिंगांचा, दोन्हीकडं शेपटी असलेला लांब दांडा असतो. म्हणजे पोरांना जो आकार तीन पायऱ्या करून बनवायचा होता तसला आकार पहिल्याच पायरीत निसर्गानं करून ठेवला होता. (याच कल्पनेवर १९८९ मध्ये काटो आणि फ्रेशे यांनी अॅसिड आणि पायरिडीन असे दोन वेगळे रेणू हायड्रोजन बाँडनं जोडून लिक्विड क्रिस्टल केले, तो सगळा वेगळाच रस्ता पुढं निघाला.)

फोनवर सांगितल्यावर सरांना ते पटेना, आणि न पटणंच स्वाभाविक होतं. त्यांचा मुद्दा असा की क्रिस्टल पिवळे आहेत, अॅसिड पांढरं असतं. मी म्हटलं, वाद नको, तीन गोष्टी करा, एकालाही पैसे लागत नाहीत. चिमूटभर पावडर थोड्या स्पिरिटमध्ये भिजवून बायकार्बोनेटमध्ये टाका, अॅसिड असेल तर बुडबुडे येतील. टीएलसीवर (पदार्थ डागांत वेगळे करणाऱ्या सिलिकाच्या पातळ पट्टीवर) सँपल आणि मूळ अॅसिड शेजारी शेजारी लावा. आणि कॉन्टॅक्ट स्लाईड करा.

कॉन्टॅक्ट स्लाईड ही पद्धत आपल्याकडं फारशी शिकवत नाहीत म्हणून सांगतो. काचपट्टीवर कव्हरस्लिपच्या एका कडेला संशयित सँपल, दुसऱ्या कडेला माहीत असलेला पदार्थ, दोन्ही वितळून मधे भेटतात. दोन्ही वेगळे असतील तर मधल्या पट्ट्यात मिसळण झाल्यामुळं तिथं वितळणं आधी होतं, क्लिअरिंगही वेगळ्या तापमानाला, डोळ्यानं सीमा दिसते. एकच असतील तर बदल सगळीकडं जवळपास एकदमच होतो, जोड कुठं होता ते सापडत नाही.

बुडबुडे आले, सावकाश पण आले. टीएलसीवर मुख्य डाग मूळ अॅसिडाच्या बरोबरीनं, तसाच शेपूट ओढत गेलेला, वर एक छोटा पिवळा डाग. कॉन्टॅक्ट स्लाईडवर सीमा नाही, फक्त सँपलच्या बाजूला क्लिअरिंग एकदम न होता दोनतीन डिग्रीत पसरलेलं, काळे थेंब आणि चमकता द्रव बराच वेळ शेजारी शेजारी, जे अशुद्ध सँपलचं लक्षण आहे. संध्याकाळी सरांचा मेसेज आला, "अॅसिडच आहे." मुलगी म्हणे दोन दिवस लॅबकडं फिरकली नाही. पार्टनरनं मात्र लगेच जर्नलमध्ये जुनी एंट्री न खोडता खाली तारीख टाकून खरं काय ते लिहिलं, ते पान मी बघितलंय, चांगलं लिहिलंय.

दुसरी फेरी दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. डायक्लोरोमिथेन कॅल्शियम क्लोराईडवर ठेवून डिस्टिल केलं, डीसीसी नवीन मागवलं. (डीसीसी हाताळताना ग्लोव्ह घाला, त्याची अॅलर्जी एकदा अंगाला बसली की सुटत नाही, आणि आपल्याकडं हे कुणी सांगत नाही. अॅनिसिडीनही तसलंच विषारी.) थायोनिल क्लोराईडनं अॅसिड क्लोराईड करायचा पर्यायही होता आणि तो स्वस्तही पडतो, पण फ्यूम हूडचा पंखा नावाला, तेव्हा तो सोडला ते बरंच झालं.

खरा बदल वेगळाच होता. पहिल्या वेळी एस्टर न तपासताच इमीनकडं गेले होते. आता एस्टरवर थांबायचं आणि तो शुद्ध झाल्याशिवाय अॅनिसिडीनची बाटली उघडायची नाही असं ठरलं. कारण शिफ बेस सिलिका कॉलमवर टिकेलच असं नाही, सिलिका जराशी आम्लधर्मी, त्यात ओलावा, इमीन तुटून परत अल्डिहाईड आणि अमीन व्हायला लागतं. एस्टर मात्र कॉलमवर निवांत चालतो. म्हणून शुद्धीकरणाचं सगळं कष्टाचं काम इमीनच्या आधी उरकायचं, शेवटी फक्त अल्कोहोलमधून क्रिस्टल. एस्टर झाला का हे बघायला फेरिक क्लोराईडचा एक थेंब, व्हॅनिलिनचा फिनॉल मोकळा असेल तर रंग येतो, एस्टर झाल्यावर येत नाही. बायकार्बोनेटच्या वॉशिंगला या वेळी मामांचं ऐकून मिठाचं पाणी घातलं, थर सुटले. आयआर मध्ये १७३० च्या आसपास एस्टर आणि खाली अल्डिहाईडचा वेगळा कार्बोनिल, दोन्ही दिसले, रुंद खड्डा गायब.

शेवटच्या पदार्थाचं एनएमआर (रेणूतले हायड्रोजन, म्हणजे प्रोटॉन, ओळखून मोजायची चाचणी) बाहेरून करून आणलं. ९.९ च्या आसपासचा अल्डिहाईडचा प्रोटॉन गेला, ८.४ च्या आसपास इमीनचा एक आला, आणि महत्त्वाचं म्हणजे त्या एकाच्या तुलनेत शेपटीच्या ओसीएच२ चे बरोबर दोन आणि दोन मेथॉक्सींचे मिळून सहा. जुन्या सँपलचंही मुद्दाम सोबत पाठवलं होतं, त्यात इमीनचा सिग्नल ओसीएच२ पुढं अगदी किरकोळ. हे इंटिग्रेशन, म्हणजे प्रोटॉनची मोजणी, आधीच बघितलं असतं तर मायक्रोस्कोपपर्यंत जायचीही गरज नव्हती, पण एनएमआरला पैसे लागतात आणि पोरं ते शेवटी ठेवतात, त्यात त्यांना बोल लावण्यासारखं काही नाही.

आता या खऱ्या पदार्थाचे गुणधर्म. पेपर अजून गेलेला नाही म्हणून तापमानाचे आकडे देत नाही, पण स्वरूप सांगतो. तापवताना वितळून थेट नेमॅटिक होतो, स्मेक्टिक नाही. श्लीरेनमध्ये काळे ब्रश जिथं एकत्र येतात ते बिंदू दोन ब्रशांचे आणि चार ब्रशांचे असे दोन्ही दिसतात. पहिल्या खोट्या सँपलमध्ये वितळल्यावर आधी चारच ब्रशांचे बिंदू होते, कारण ते स्मेक्टिक सी होतं, आणि १०८ नंतर दोनांचेही दिसायला लागले. फोटो आता शेजारी ठेवले की फरक कळतो, तेव्हा कुणी मोजलं नव्हतं. नेमॅटिकची रेंज फार मोठी नाही, आणि त्याचा दोष जातो त्या बाजूच्या मेथॉक्सीला. तो मधल्या रिंगेतून बाहेर डोकावतो, रेणू जाड होतो, दांडे एकमेकांना खेटून बसत नाहीत, त्यामुळं क्लिअरिंग खाली येतं आणि थर करून बसणं तर जास्तच अवघड होतं. व्हॅनिलिनऐवजी साधं ४-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाईड घेऊन जोडीचा पदार्थ केला, त्याचं क्लिअरिंग बरंच वर गेलं, म्हणजे कारण तेच. डीएससीत (बदलाला किती उष्णता लागते ते मोजणाऱ्या यंत्रात) वितळण्याचं पीक मोठं आणि क्लिअरिंगचं इतकं छोटं की स्केल वाढवल्याशिवाय दिसत नाही, नेमॅटिकला असंच असतं, कारण तिथं फक्त दिशा सुटते, बाकी द्रव तो द्रवच. गार करताना क्रिस्टल लवकर होत नाहीत, नेमॅटिक बरंच खालपर्यंत तग धरतं.

प्रोजेक्टच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये नेहमीप्रमाणे 'एलसीडी डिस्प्लेमध्ये उपयोग' असा परिच्छेद होता, तो मी काढायला लावला. शिफ बेसचा डिस्प्लेतला काळ होऊन गेला. १९६९ मध्ये एमबीबीए आलं, साध्या खोलीच्या तापमानाला नेमॅटिक असणारं, तोही शिफ बेसच, पण ओलावा लागला की तुटायचं. मग १९७३ च्या सुमाराला हल विद्यापीठात ग्रे यांच्या गटानं सायनोबायफिनिल केले, ना इमीन ना एस्टर, पाण्याला न बधणारे, आणि घड्याळं-कॅल्क्युलेटर त्यावर चालले. पडद्यात आजही एकटा पदार्थ नसतो, अनेकांचं मिश्रण असतं. आपल्या पदार्थाचा उपयोग एवढाच की एक मेथॉक्सी बाजूला लावल्यानं काय होतं याचा एक स्वच्छ मुद्दा हाती आला, आणि तेवढा पुरेसा आहे, टीव्हीचं नाव घ्यायची गरज नाही.

व्हायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलंच, "तुमचं कच्चं मटेरियल पण लिक्विड क्रिस्टल आहे, मग प्रॉडक्ट वेगळं आहे हे कशावरून?" मुलीनं कॉन्टॅक्ट स्लाईडचा नवा फोटो काढून पुढं ठेवला, एका बाजूला अॅसिड, दुसऱ्या बाजूला नवीन पदार्थ, मधे आधी वितळलेला पट्टा सरळ दिसतो. एक्स्टर्नल पुढचा प्रश्न विचारायला विसरले म्हणे, पण हे तिचं म्हणणं.

आता ज्युनियर बॅचनं ती मालिका पुढं धरली आहे. ब्युटिल आणि हेक्झिलचे पदार्थ झाले, प्रत्येक वेळी आधी अॅसिड स्टेजवर ठेवून बघायचं मगच पुढची पायरी असा नियम मामांनीच कपाटाच्या दारावर लिहून लावलाय. दोन्ही नुसते नेमॅटिक. डोडेसिल ब्रोमाईडची ऑर्डर गेली आहे. बारा कार्बनच्या शेपटीला स्मेक्टिक येतं का यावर सरांची आणि माझी पैज आहे, मी म्हणतो शेपट्या लांब झाल्या की थर लागतीलच, सर म्हणतात तो मेथॉक्सी थर लागू देणार नाही.